वाफेच्या नगरीतील आपली माणसे
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



शहर लंडन, साल १८८६. रस्त्यांवर धुके आणि कोळशाचा धूर एकमेकांत मिसळले आहेत. आकाशातून प्रचंड हवाई जहाजे संथपणे सरकत आहेत. किंग आर्थरच्या गोलमेजाचा वारसा सांगणारे सरदार गल्लीबोळांतून फिरत आहेत आणि त्यांच्या हातांतली अद्भुत शस्त्रे निकोला टेस्लाच्या कार्यशाळेत घडली आहेत. या सरदारांना ज्या बंडखोरांनी जेरीस आणले आहे, त्यांची नायिका एक भारतीय स्त्री आहे. तिचे नाव लक्ष्मी. ती झाशीची राणी आहे.

जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडलेली राणी १८८६ मध्ये लंडनला कशी पोहोचली, असा प्रश्न कोणाही मराठी माणसाला पडेल. हे दृश्य ‘द ऑर्डर : १८८६’ या व्हिडिओ गेममधले आहे. अमेरिकेतील रेडी ॲट डॉन या संस्थेने तो तयार केला आणि सोनी कंपनीने फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ‘युनायटेड इंडिया कंपनी’ नावाची एक बलाढ्य व्यापारी कंपनी आहे. तिच्या पेट्यांतून रक्तपिपासू पिशाच्चे जगभर पाठवली जात आहेत आणि हे रहस्य उघडकीस आणण्यासाठी राणी लढते आहे. भारताचे रक्त शोषणाऱ्या कंपनीला पिशाच्चांची कंपनी करून दाखवण्याची ही कल्पना परक्या लेखकांची असली, तरी मराठी वाचकाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

अशा कल्पनासृष्टीला ‘स्टीमपंक’ म्हणतात. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने १९८७ मध्ये एका मासिकाला लिहिलेल्या पत्रात हा शब्द काहीशा थट्टेनेच वापरला आणि तो रूढ झाला. पेट्रोलच्या इंजिनाने आणि संगणकाने जग व्यापलेच नसते, वाफेचे यंत्रच दिवसेंदिवस अधिक कुशल होत गेले असते, तर माणसाचे जीवन कसे झाले असते, हा या सृष्टीचा मूळ प्रश्न. इतिहासाने न घेतलेल्या वाटेवरचा हा प्रवास आहे.

व्हिडिओ गेम रचणाऱ्यांना ही सृष्टी का आवडते, हेही समजण्यासारखे आहे. आजचा मोबाइल उघडून पाहिला तरी तो कसा चालतो हे डोळ्यांना दिसत नाही. वाफेच्या यंत्राचे तसे नाही. बॉयलरखाली आग दिसते, दट्ट्या पुढेमागे होतो, चाक फिरते, एका दात्यात दुसरा दाता अडकतो. कळ दाबली की काय घडले आणि का घडले, हे खेळणाऱ्या मुलाला दिसते. ‘बायोशॉक इन्फिनिट’ या २०१३ च्या खेळात १९१२ सालातले कोलंबिया नावाचे एक अख्खे शहर आकाशात तरंगताना दाखवले आहे. बागा, पुतळे, स्वच्छ रस्ते यांनी ते प्रथमदर्शनी स्वर्गासारखे भासते. पुढे गेल्यावर कळते की त्या स्वर्गाची चाके ज्यांच्या श्रमावर फिरतात, त्यांना त्यांच्या वर्णामुळे तळघरातलेच जिणे वाट्याला आले आहे. चांगल्या स्टीमपंक खेळात हा दुसरा भाग असतोच. यंत्र कोणाचे आणि राबणारे हात कोणाचे, हा प्रश्न तिथे टाळता येत नाही.

या कल्पनासृष्टीचे मूळ शोधू लागले की फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नपाशी पोहोचावे लागते. भा. रा. भागवतांमुळे तो मराठी बालवाचकांना घरचा वाटतो. समुद्राखालून ‘नॉटिलस’ ही पाणबुडी चालवणारा कॅप्टन नेमो अनेकांच्या बालपणी येऊन गेला असेल. हा नेमो मुळात कोण, याचा उलगडा व्हर्नने १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत केला आहे. तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, राजपुत्र डक्कर. टिपू सुलतानाचा तो पुतण्या किंवा भाचा लागतो, असेही व्हर्नने लिहिले आहे. १८५७ च्या उठावात तो लढला, त्यात त्याने आपली माणसे गमावली आणि उरलेले आयुष्य आपल्या बुद्धीने घडवलेल्या यंत्रात, समुद्राच्या पोटात घालवले. स्टीमपंकचा आद्य नायक भारतीय आहे. त्याचा एक धागा झाशीच्या प्रदेशाशी जुळतो आणि दुसरा श्रीरंगपट्टण व बेंगळुरूच्या किल्ल्यांशी.

याच व्हर्नने १८८० मध्ये ‘द स्टीम हाउस’ या नावाने इंग्रजीत गेलेली आणखी एक कादंबरी लिहिली. तिच्यात वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती आहे. चाकांवरची दोन घरे ओढत तो उत्तर भारतातून निघाला आहे. हत्ती इंग्रज अभियंत्याने बनवलेला, घरांत बसलेले प्रवासी युरोपीय, आणि खलनायक कोण, तर नानासाहेब पेशवे. ज्या बिठूरमध्ये राणी लक्ष्मीबाईंचे बालपण गेले, तेथील नानासाहेब. एकाच लेखकाच्या लेखणीतून १८५७ चा एक योद्धा महान शास्त्रज्ञ होऊन उतरतो आणि दुसरा क्रूरकर्मा. कथा सांगणारा कोठे उभा आहे, यावर कथेतल्या माणसाचे भाग्य ठरते. नानासाहेबांची बाजू मांडणारा त्या पोलादी हत्तीवर कोणी नव्हता.

कल्पनेतील वाफेचा हा प्रवास झाला. खऱ्या वाफेची कथाही महाराष्ट्राच्या मातीत घडलेली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिने. बैलाशिवाय चालणाऱ्या त्या यंत्राला लोक ‘चाक्या म्हसोबा’ म्हणत, अशी आठवण सांगितली जाते. पुढे लोहमार्ग बोरघाटात शिरला. दरडी, साथीचे रोग आणि सुरुंगांचे अपघात यांत हजारो मजूर मृत्युमुखी पडले आणि १८६३ मध्ये घाट पार झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारल्यावर त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुरे करून घेतले, याची इतिहासात नोंद आहे. मजुरांची नावे मात्र नोंदलेली नाहीत. लोकांनी त्यांच्या वतीने एक आठवण जपली आहे. घाटात शिंग्रोबाचे मंदिर आहे. साहेबाला डोंगरातून वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि गोळीला बळी पडला, अशी कथा आहे. ती लोककथा आहे, कागदोपत्री इतिहास नव्हे. तरीही वाट दाखवणाऱ्याचे ऋण लोकांनी ज्या रीतीने फेडले, ती रीत विसरण्यासारखी नाही.

मुंबईच्या गिरण्यांचेही तेच. भोंगा वाजला की माणसे आत जात आणि दिवस मावळल्यावर बाहेर येत. त्यांत मुलेही असत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. सुधारणेचा कायदा असा होता, यावरून त्याआधीची स्थिती कळावी. ‘दीनबंधु’चे संपादक आणि जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित केले. १८८४ मध्ये सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सरकारनियुक्त आयोगापुढे ठेवले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी जी मुले निवांत खेळत बसतात, त्यांच्या रविवारामागे वाफेच्या यंत्रापाशी उभ्या राहिलेल्या या माणसांचा लढा आहे.

‘फ्रॉस्टपंक’ हा २०१८ चा पोलिश खेळ इथे आठवतो. बर्फाने गोठलेल्या जगात कोळशावर चालणाऱ्या एका प्रचंड यंत्राभोवती शेवटची माणसे जमली आहेत. यंत्र थांबले की सारे संपले. खेळणाऱ्याने नगरप्रमुख व्हायचे आणि कायदे करायचे. सुरुवातीलाच प्रश्न येतो : मुलांना कामाला लावायचे, की त्यांच्यासाठी निवारा उभारायचा? हात कमी आहेत आणि थंडी वाढते आहे. पडद्यासमोर बसलेले तेरा-चौदा वर्षांचे मूल तेव्हा आपल्याच वयाच्या मुलांचे भवितव्य ठरवत असते. त्या क्षणी त्याच्याशेजारी बसून लोखंडे कोण होते हे सांगणारे कोणी घरात असेल, तर खेळ आणि इतिहास एकमेकांना भेटतील.

या दोहोंची भेट व्हावी, पण त्यांची सरमिसळ होऊ नये. शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव अनेकांनी ऐकले असेल. राइट बंधूंच्या आधी, १८९५ मध्ये, त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले असे सांगितले जाते. २०१५ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. परंतु त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. तळपदे यांच्या कथेत ज्यांचे नाव येते, त्या आनेकलच्या पंडित सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेला ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा मानला जाई. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. त्यात वर्णिलेल्या विमानांत उडण्याची क्षमता नाही आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही, हा त्यांचा निष्कर्ष. तळपदे यांच्या विमानाचा सुंदर स्टीमपंक खेळ होऊ शकेल. चौपाटी, गर्दी, पाऱ्याच्या तेजाने उचलले जाणारे यान, सारे त्यात शोभेल. फक्त तो खेळ आहे, हे खेळणाऱ्याला ठाऊक हवे. ‘असे झाले असते तर’ या वाक्याची गोडी ‘असे झाले नाही’ हे माहीत असलेल्यालाच कळते.

बेंगळुरूच्या संदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे. ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही भारतातील आद्य गेमसंस्थांपैकी एक संस्था १९९७ मध्ये याच शहरात सुरू झाली. परदेशी खेळांसाठी चित्रे व वस्तू घडवण्यात तिने नाव कमावले आणि २०१९ मध्ये रॉकस्टार या जगप्रसिद्ध कंपनीने ती विकत घेतली. परक्या कथांतील भिंती, गाड्या आणि शस्त्रे इथल्या कुशल हातांनी रेखाटली. हे काम लहान नाही. तरीही व्हर्नच्या पोलादी हत्तीपाशी पडलेला प्रश्न इथेही उभा राहतो : हात इथले, मग कथा कोणाची?

या प्रश्नाला उत्तर देण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. केंब्रिजच्या इंकल या संस्थेचा ‘एटी डेज’ हा खेळ २०१४ मध्ये आला. व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेवर आधारलेला हा शब्दप्रधान खेळ भारतीय वंशाच्या लेखिका मेघना जयंत यांनी लिहिला. मूळ कादंबरीतील साहेब मुंबईत उतरतो आणि शहराकडे धड पाहतही नाही. या खेळात मात्र ठिकठिकाणचे लोक स्वतःची यंत्रे आणि स्वतःची मते घेऊन भेटतात. ‘टाइम’ साप्ताहिकाने त्या वर्षीच्या खेळांत त्याला पहिले स्थान दिले. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. तो स्टीमपंक नसला, तरी त्याची कथा, देवता आणि वास्तुशिल्प भारतीय आहे.

१९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर निर्माण झालेली वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे धावली आणि १९०५ मध्ये बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. खाणीच्या अंधारात उतरणारा कामगार आणि वर उजळलेले शहर. बोरघाटातला धनगर आणि त्याच्या वाटेवरून गेलेली आगगाडी. गिरणीत साच्यावर उभे असलेले दहा वर्षांचे मूल आणि त्याचा पहिला रविवार. यांचे खेळ अजून कोणी रचलेले नाहीत.

ते रचण्यासाठी संगणकाची विद्या लागेल आणि ती या शहरात मुबलक आहे. लोखंडे यांचे निवेदन, घाटातली लोककथा, बिठूर आणि झाशी यांचा इतिहास ज्या भाषेत घरोघरी बोलला गेला, ती भाषाही लागेल. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि संगणकापुढे इंग्रजी बोलणारे मूल या तिन्ही ठिकाणची माणसे ओळखते. गेली साठ वर्षे या शाळेने त्यातली पहिली भाषा सांभाळली. पालकांनी एवढेच करावे : मूल खेळत असताना कधीतरी शेजारी बसावे आणि विचारावे, ‘हे यंत्र कोणी बनवले? कोळसा कोण टाकतो?’ एखादे मूल उत्तर शोधेल. एखादे कदाचित स्वतःच नवा खेळ रचायला बसेल. त्या खेळातली राणी लक्ष्मीबाई मराठीत बोलली, तर या शाळेच्या साठ वर्षांच्या श्रमाचे चीज झाले असे म्हणता येईल.