चरबीच्या धरणाचा दरवाजा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

मंडळी, मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून जलसंसाधन विभागात लागलो. धरणांचे दरवाजे पाहण्यात निम्मी नोकरी गेली. त्यामुळे शरीरातली गोष्टही त्याच भाषेत सांगतो.

अंगावरची चरबी म्हणजे भरलेला जलाशय. एका किलोत सुमारे ७,७०० कॅलरी, म्हणजे तीन-चार दिवसांची बेगमी. पण दरवाजा उघडल्याशिवाय त्यातले काही रक्तात उतरत नाही. दरवाजा बंद ठेवते इन्सुलिन. जेवण झाले की ते वाढते. पोट रिकामे राहिले की उतरते. मग अॅड्रेनॅलिन, नॉरअॅड्रेनॅलिन यांचा हुकूम चालतो, चरबी फुटते आणि तिच्यातली फॅटी आम्ले हृदयाला, स्नायूंना इंधन म्हणून मिळतात. (उपवासाला ताटभर साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांचा दरवाजा बंदच असतो. त्यात मीही आलो.)

हे सगळे मी शिकलो ते भाचीमुळे. तिला लहानपणापासून टाइप १ मधुमेह; तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. लग्नानंतरची पहिली हरतालिका, निर्जळी. "खायचेच नाही तर सुई कशाला?" असे घरात ठरले. ठरवणाऱ्यांत तिचा हा मामाही होता. संध्याकाळी उलट्या, रात्री धाप, श्वासाला पिकल्या फळासारखा वास. घरी गणपती बसले तेव्हा ती आयसीयूत होती.

निरोगी माणसाच्या उपवासात इन्सुलिन कमी होते, पण संपत नाही. साखर पेशींत शिरायला जेवढे लागते, त्याहून कितीतरी थोडे इन्सुलिन चरबी रोखून धरायला पुरते. भाचीकडे तेवढेही उरले नाही. दरवाजा सताड उघडला. चरबीचा लोंढा यकृतात गेला, यकृताने त्याची कीटोन आम्ले केली आणि रक्त आम्लधर्मी झाले. पोटात अन्नाचा कण नसताना रक्तातली साखरही चढलेलीच होती, कारण यकृत ती घरचीच बनवत होते.

इन्सुलिन सापडण्यापूर्वी अशी मुले हाडांचा सापळा होऊन जात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला पहिली सुई टोचली. तो पुढे तेरा वर्षे जगला.

भाची चार दिवसांनी घरी आली. आता ती हरतालिकेला पाणी आणि फळे घेते. दिवसभर पुरणारे इन्सुलिन डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत टोचते, दर काही तासांनी साखर तपासते आणि मगच पूजेला बसते. सासूबाईच आठवण करतात.