धरणाखालून जाणारे पाणी



धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली की गावात बोलणे सुरू होते, “धरण पाझरतंय, आता काही खरं नाही.” दुसरा म्हणतो, “पाझर व्हायचाच, त्यात काय एवढं?” दोघांचेही अर्धेच खरे. मातीचे धरण थोडेफार पाझरणारच. पाहायचे ते हे, की बाहेर येणारे पाणी नितळ आहे की गढूळ.

गढूळ पाणी म्हणजे आतली माती निघाली. पाणी बाहेर पडते तिथले कण आधी सुटतात, मग पोकळी आत आत, तलावाच्या दिशेने सरकते. वाट आखूड झाली की जोर वाढतो, जोर वाढला की आणखी माती जाते.

अमेरिकेत आयडाहो राज्यात टीटन नावाचे सुमारे ९३ मीटर उंचीचे नवे कोरे धरण होते. ते प्रथमच भरत असताना ३ जून १९७६ रोजी खालच्या अंगाला स्वच्छ झरे दिसले. ५ जूनला सकाळी पाणी गढूळ झाले. भगदाड बुजवायला दोन बुलडोझर घातले, तेही आत गेले. दुपारी बाराच्या सुमारास धरण फुटले, अकरा माणसे दगावली. आपल्याकडे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

मग उपाय काय? पूर्वी ब्लाय नावाच्या इंजिनिअरचा हिशेब असा, की पाण्याची तळाखालची वाट लांब केली की झाले. पंजाबातल्या कालव्यांवर काम करणारे अयोध्यानाथ खोसला (हेच पुढे ओरिसाचे राज्यपाल झाले) यांनी प्रत्यक्ष दाब मोजले, तेव्हा हा हिशेब जुळेना. पाणी बाहेर पडते त्या टोकाला त्याचा जोर किती, यावर सारे अवलंबून, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ साली मांडले. म्हणून वाळूवरच्या बंधाऱ्याला खालच्या टोकाशी खोल भिंत हवीच. मातीच्या धरणात खडकापर्यंत खंदक खणून तो चिकण मातीने ठासून भरतात आणि खालच्या बाजूस वाळू-खडीचे थर देतात. चहाच्या गाळणीसारखेच हे. पाणी जाते, पत्ती राहते.

गुरुजींनी मुलांकडून एवढे करून घ्यावे. गळतीचे पाणी दर आठवड्याला काचेच्या बाटलीत धरावे, रात्रभर ठेवावे आणि तळाशी बसलेला गाळ व तलावाची पातळी तारखेनिशी वहीत लिहावी. पातळी तीच असून गळती वाढली, किंवा गाळ दिसला, तर वही घेऊन त्याच दिवशी पाटबंधारे शाखेत जावे. नुसत्या तोंडी तक्रारीला फाटे फुटतात.

आणि गळतीच्या तोंडावर चिखल थापू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. अधिकारी येईपर्यंत, जागा धोक्याची नसेल तरच, आधी जाड वाळू, वर बारीक खडी, त्यावर दगड टाकावेत. पाणी उसळत असेल तर मात्र तिथे थांबू नये. आधी नदीकाठची वस्ती हलवावी.