देहदान : फॉर्म भरण्याआधी घरात बोला

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



देहदान म्हटलं की लोक विचारतात, तिथं त्या देहाचं करतात काय? तर मेडिकलच्या पहिल्या वर्षाची मुलं त्यावर शरीररचना शिकतात. रक्तवाहिनीतून फॉर्मालिनचं द्रावण सोडतात, म्हणजे देह कुजत नाही. हृदय, मेंदू असे अवयव बरण्यांतही जपतात. १९७७ साली जर्मनीत गुंथर फोन हागेन्स यांनी प्लास्टिनेशन शोधलं. त्यात पाणी आणि चरबी काढून त्या जागी सिलिकॉनसारखं प्लास्टिक भरतात. नमुना कोरडा, बिनवासाचा होतो, हातात घेऊन बघता येतो.

हल्ली कॉम्प्युटरवर सगळं दिसतं, हे खरं. पण प्रत्येकाच्या नसा-शिरा पुस्तकाबरहुकूम नसतात. ते हात लावल्यावरच कळतं. १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा केवढा धीर लागला असेल!

आम्ही उभयतांनी फॉर्म भरलाय. मुलगी तयार आहे, मुलगा नाही. म्हणतो, "बाबा, मग मी अग्नी कुणाला देऊ?" याला माझ्याजवळ उत्तर नाही. पण बोलणं चालू आहे, कारण आपल्यामागे काही तासांत कॉलेजला कळवायचं त्यांनाच आहे. मृत्यूचा दाखलाही तेच आणणार. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, हेही त्यांना ठाऊक हवं.

बँकेत आम्ही सांगायचो, नॉमिनीला खात्याची माहिती द्या. इथंही तेच.