ब्रश धुतला का, ताई?

आम्ही घोडेगावच्या बचत गटातल्या. आज नवरी सजवण्याच्या कामाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही फक्त ब्रशांबद्दल. हसू नका. ब्रशापायी आमचं एक गिऱ्हाईक गेलं, आणि गावाकडं एक गिऱ्हाईक म्हणजे अख्खी भावकी असते.

आमच्यातल्या चौघी मेकअपचं काम करतात. तुळशीचं लग्न लागलं की त्यांची पिशवी भरलेलीच असते. आज शिनोली, उद्या डिंभे, परवा मंचर. अशाच एका लग्नात नवरीच्या आधी करवलीला बसवलं. करवलीचा एक डोळा लाल होता. "रात्रभर मेंदी काढत जागले," म्हणाली. आम्हीही मान डोलावली. तिच्या पापणीवरून फिरलेला ब्रश कागदाला पुसला आणि तसाच नवरीच्या पापणीवर फिरवला. चौथ्या दिवशी जोडी जेजुरीला देवदर्शनाला निघाली, तेव्हा नवरीचे दोन्ही डोळे सुजून बंद व्हायला आलेले.

आता ते ब्रशामुळंच झालं की घरातल्या पाहुण्यांच्या रुमालामुळं, कोण सांगणार? पण तिच्या आईनं एवढंच विचारलं, "ब्रश धुतला होता का, ताई?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. पैसे परत दिले. त्या घरातली पुढची दोन लग्नं आमच्याकडं आली नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्यानंतर आम्ही बैठकीत सगळे ब्रश मधोमध ओतले. बारा-बारा नगांचे संच, पेटी चकचकीत, आणि त्यातले रोज लागणारे पाचच. बाकीचे नुसते शोभेला. म्हणून पहिलं सांगणं हे, की संच घेऊ नका, सुटे घ्या. पावडरीला एक मोठा मऊ, फाउंडेशनला एक दाट केसांचा, गालांना एक, पापण्यांना दोन छोटे. एवढ्यात नवरी उभी राहते. मात्र पाचांचे दोन जोड हवेत. वैशाखात सकाळी एक नवरी आणि संध्याकाळी दुसरी असं होतं, आणि धुतलेला ब्रश मधल्या वेळात वाळत नाही.

दुकानात ब्रश हातात घेतला की मनगटाच्या मागं गोल फिरवून बघा. टोचला तर ठेवून द्या, नवरीच्या पापणीची कातडी मनगटापेक्षा पातळ असते. केस चिमटीत धरून हलकेच ओढा. एखादा आला तर चालतो, चार-पाच आले तर तो ब्रश लग्नात नवरीच्या गालावर केस सोडणार. दांडी आणि केस यांना जोडणारी पत्र्याची पट्टी हलवून बघा, डुगडुगली की नको. काळ्या-लाल केसांचा असेल तर घरी आणल्यावर ओला करून पांढऱ्या फडक्यावर ओढा, कच्चा रंग लगेच दिसतो.

केस दोन प्रकारचे येतात. जनावराचे, बहुतेक बकरीचे, आणि नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचे. कोरड्या पावडरीला जनावराचे केस छान, पावडर धरून ठेवतात. फाउंडेशन, लिपस्टिक अशा ओल्या, तेलकट वस्तूंना कृत्रिम बरे, कारण ते पीत नाहीत आणि धुवायला सोपे. आमच्यासारख्या रोज धुणाऱ्यांनी सगळेच कृत्रिम घेतले तरी काही बिघडत नाही. दुकानदार काहीही सांगतो. रेशीम ओळखायला आपण साडीचा धागा जाळून बघतो ना, तसा गळलेला एक केस जाळा. केस जळाल्याचा वास आला तर जनावराचा, वितळून गाठ झाली तर कृत्रिम.

डिंभ्याच्या एका पोरीनं विचारलं, "ताई, खारीच्या केसांचे ब्रश म्हणतात, ते आपल्या शेकरूचे का?" भीमाशंकरच्या जंगलाशेजारी राहणारी पोर, तिला वाटणारच. नाही गं, ते थंड मुलुखातल्या खारींचे. शेकरू आपला राज्यप्राणी, त्याला कोणी हात लावायचा नाही. पण मुंगसाच्या केसांचे ब्रश मात्र आपल्या देशात चोरून विकले गेलेत. ते बहुतेक चित्रकारांचे, तरी बारीक रेघेला म्हणून कोणी पुढं केला तर घेऊ नका. मुंगसाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि 2019 साली यावरून निरनिराळ्या राज्यांत छापे पडले होते.

आता धुणं. कोमट पाणी, त्यात पुडीतला शाम्पू थोडासा. भांड्याचा साबण नको, कपड्याचा तर नकोच. ब्रश दांडीपर्यंत बुडवायचा नाही, फक्त केस ओले करायचे. पत्र्याच्या पट्टीत डिंक असतो, तो पाण्यानं सुटतो आणि ब्रश टकला होतो. कढत पाण्यानं तर लवकरच. तळहातावर गोल गोल घोळवा, नितळ पाणी येईपर्यंत. मग फडक्यात दाबा, पिळू नका. बोटानं आकार द्या आणि ओट्याच्या कडेला केस बाहेर ठेवून आडवा वाळत घाला. पेल्यात केस वर करून उभा ठेवला की पाणी खाली डिंकात उतरतं. आम्ही वर्षभर तसंच ठेवत होतो आणि ब्रश स्वस्तातले म्हणून गळतात असं म्हणत होतो.

आपल्या पश्चिम भागात पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं. तेव्हा पंख्याखाली वाळवा, पूर्ण वाळेपर्यंत डब्यात घालू नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच. बुरशीचा वास नाकाला लगेच कळतो. चुलीजवळ ठेवून घाई करू नका, कृत्रिम केस वाकडे होतात.

घरी स्वतःपुरता वापर असेल तर आठवड्यातून एकदा धुतला तरी पुरे. धंद्याला हे लागू नाही. एक चेहरा झाला की तो ब्रश बाजूला, दुसऱ्या चेहऱ्याला दुसरा. मध्येच लागलाच तर शाम्पूनं धुऊन, फडक्यानं टिपून, औषधाच्या दुकानातलं सत्तर टक्क्यांचं स्पिरिट केसांवर मारायचं आणि पूर्ण उडू द्यायचं. मळक्या ब्रशावर नुसतं स्पिरिट मारून उपयोग नाही. ते पटकन पेट घेतं, म्हणून समई, निरांजन, गॅस यांपासून लांब.

पण लाल डोळ्यावर स्पिरिटाचा भरवसा नाही. साथीचे डोळे आणणारे काही विषाणू त्याला लवकर दाद देत नाहीत. 2023 च्या पावसाळ्यात शेजारच्या खेड तालुक्यात आळंदीला डोळ्यांची केवढी साथ आली होती, आठवत असेल. म्हणून लाल डोळा दिसला की त्या डोळ्यांना मेकअप नाही, मग ती करवली असो नाहीतर नवरी. तोंडावर सांगायचं. वाईटपणा आला तर येऊ द्या.

आणखी एक. ब्रश धुतला आणि लिपस्टिक सगळ्यांच्या ओठांवर तीच टेकवली, तर धुण्याचं काय झालं? लिपस्टिक खरवडून स्टीलच्या झाकणीवर घ्यायची, तिथून ब्रशानं लावायची, उरलेली परत नळीत घालायची नाही. काजळाची पेन्सिल प्रत्येक वेळी तासायची. मस्कऱ्याची कांडी एका बाईला एकच, स्वस्तातल्या सुट्या कांड्या मिळतात. स्पंज आतपर्यंत धुऊन निघत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक नवरीला नवा स्पंज लावतो आणि तिलाच देऊन टाकतो. तिलाही तो मानपान वाटतो.

नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या पडतात, जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. तिथं आमच्यातली एक जण गेली होती. फडातली एक जुनी बाई आपल्या पत्र्याच्या पेटीसमोर बसून तोंड रंगवत होती. हिनं सहज ब्रश मागितला, तर ती म्हणाली, "पेटी जिची तिची, बाई." आम्ही शिकून-सवरून हे विसरलो होतो.

ब्रश कधी टाकायचा, याला तारीख नाही. धुऊनही वास राहिला, केस फिस्कारले, टोचायला लागले, दांडी सुटली, की टाकायचा. पैशाची रड असतेच, म्हणून आम्ही दर नवरीमागं वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकतो. त्यातून नवे ब्रश आणि स्पंज येतात, गटाच्या कर्जाला हात लावावा लागत नाही.

जुने फेकतही नाही. शिलाई मशीनच्या शटलमधला भुसा काढायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त दांडीला लाल नेलपॉलिशचा पट्टा ओढून ठेवतो. नाहीतर गडबडीत एखादीच्या हातून तो परत पेटीत जायचा.