टोपी घातलेले श्रोते

आमच्या घरी रेडिओ उंच फळीवर असायचा. सकाळी भक्तिगीतं लागली, की अब्बा दाढी करता करता गुणगुणणं थांबवत. कुणाची तरी प्रार्थना चाललीय, एवढंच त्यांचं म्हणणं. डिक शेपर्ड या इंग्रज पाद्र्याविषयी वाचताना मला ते आठवलं.

१९२३ साली इंग्लंडच्या राजपुत्राचं लग्न वेस्टमिन्स्टर ॲबीत होतं. रेडिओवरून ते ऐकवायला चर्चच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. का? तर लोक दारूच्या गुत्त्यात बसून, डोक्यावरची हॅटसुद्धा न काढता हा पवित्र विधी ऐकतील! आम्ही मशिदीत जाताना टोपी घालतो, ते चर्चमध्ये जाताना काढतात. टोपीची काळजी मात्र दोन्हीकडे सारखीच.

शेपर्डना ही काळजी नव्हती. ते लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातल्या सेंट मार्टिन चर्चचे धर्मगुरू. पहिल्या महायुद्धात आघाडीवरून येणारे-जाणारे सैनिक जवळच्या चेरिंग क्रॉस स्टेशनवर उतरत. शेपर्डनी त्यांच्यासाठी चर्चची दारं रात्रीही उघडी ठेवली. तळघरात बेघरांना आसरा दिला. ज्याने दाराचं कुलूप काढलं, तो आवाजाला कशाला कुलूप लावील? ६ जानेवारी १९२४ रोजी त्यांच्या चर्चमधली उपासना रेडिओवरून प्रसारित झाली. इंग्लंडात चर्चमधून थेट प्रसारित झालेली ती पहिलीच. पुढे हा प्रघातच पडला. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं, चर्चची पायरी कधी न चढलेली माणसं, सगळ्यांना घरबसल्या हा आवाज ऐकू येऊ लागला. व्यासपीठावरून गर्जणारा नव्हे, शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या माणसाचा.

आणि हा आवाज दम्याच्या रोग्याचा होता बरं का! दम्यानेच त्यांना १९२६ मध्ये सेंट मार्टिन सोडायला लावलं. पुढे कँटरबरीचं डीनपद मिळालं, तेही दोन वर्षांत सोडावं लागलं. कविसंमेलनात दोन कविता वाचून मला धाप लागते. हा माणूस काय करत असेल, कोण जाणे.

युद्धातली जखमी पोरं त्यांनी जवळून पाहिली होती. १९३४ साली त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं: युद्धाला मी कधीही पाठिंबा देणार नाही, अशी प्रतिज्ञा ज्यांना मान्य असेल त्यांनी मला पोस्टकार्ड पाठवावं. कार्डांचा ढीग लागला, हजारोंनी. त्यातून १९३६ मध्ये ‘पीस प्लेज युनियन’ उभी राहिली. पुढे हिटलरने जे केलं ते पाहता ही प्रतिज्ञा भोळी ठरली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मलाही तो प्रश्न सोडवत नाही. तरी एका कार्डावर माणसं आपला शब्द लिहून पाठवतात, हे मला भोळं वाटत नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी त्यांना रेक्टर म्हणून निवडलं. पडलेल्या उमेदवारांत विन्स्टन चर्चिल होते! पण त्याच महिन्याच्या ३१ तारखेला शेपर्ड लिहिण्याच्या टेबलाशीच गेले. वय सत्तावन्न.

त्यांचा देह सेंट मार्टिनमध्ये ठेवला, तेव्हा दर्शनाला लांबच लांब रांग लागली. त्या रांगेत असेही असणार, ज्यांनी हा माणूस कधी पाहिलाच नव्हता; फक्त ऐकला होता.