हा पाऊस विमानाचा की निसर्गाचा?

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या एका प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी शास्त्रज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि माहिती खात्यातील एक अधिकारी. ढगांशी माझी पहिली ओळख महाविद्यालयात कालिदासाने करून दिली आणि पुढे बरीच वर्षे ती तेवढ्यावरच थांबली. ती पुढे सरकली एका शेतकऱ्यामुळे. दुष्काळाच्या एका वर्षी कृत्रिम पावसाच्या प्रयोगाची बातमी तयार करण्यासाठी मी एका गावी गेलो होतो. आदल्या दिवशी विमान येऊन गेले होते आणि संध्याकाळी पावसाची एक सरही पडली होती. पारावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "सायेब, इमान आलं, पाऊस बी पडला. पर ह्यो पाऊस इमानाचा का वरच्याचा?" मंडळी हसली. मीही हसलो आणि बातमीत 'प्रयोगास उत्साहवर्धक प्रतिसाद' असे शब्द घालून मोकळा झालो. प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. नंतर चौकशी करू लागलो तेव्हा समजले की, जगातील नामांकित हवामानशास्त्रज्ञही हाच प्रश्न सत्तर वर्षे विचारीत होते. आणि त्याचे पहिले स्पष्ट उत्तर मिळाले ते पावसाच्या ढगात नव्हे, तर अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगरांवर, हिवाळ्यातील बर्फाच्या ढगात. आज त्याच कामाची हकीकत सांगणार आहे.

अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्याचा हिशेब आपल्याहून निराळा आहे. आपल्याकडे चार महिने पाऊस पडतो आणि धरणे भरतात. तिकडे हिवाळ्यात प्रशांत महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे पर्वतांवर चढतात, थंड होतात आणि माथ्यांवर हिमवर्षाव करतात. हे बर्फ वसंतऋतूपर्यंत तेथेच साचून राहते आणि मग हळूहळू वितळून नद्यांना पाणी पुरविते. डोंगरमाथ्यावरील बर्फ हेच त्या प्रदेशाचे मोठे धरण, असे म्हटले तरी चालेल. ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी उन्हाळ्यात शेतीला पाणी कमी आणि वीजही कमी. आयडाहोमधील वीज कंपनीची सतरा जलविद्युत केंद्रे स्नेक नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर आहेत. त्यामुळे ढगातून चार हिमकण अधिक पडावेत यात तिचा थेट स्वार्थ आहे. ही कंपनी २००३ सालापासून पेयेट नदीच्या खोऱ्यात हिवाळी ढगांवर बीजारोपण करीत आली आहे.

आता हे बीजारोपण म्हणजे काय? पाणी शून्य अंशाला गोठते असे आपण मुलांना शिकवितो. जमिनीवरील पाण्यापुरते ते ठीक आहे. ढगातील पाण्याचे थेंब मात्र अत्यंत सूक्ष्म, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात. स्वच्छ हवेत असे थेंब उणे दहा, उणे पंधरा, प्रसंगी त्याहूनही खालच्या तपमानात पाणीच राहतात. यांना अतिशीत थेंब म्हणतात. गोठण्यासाठी त्यांना एखाद्या योग्य कणाचा आधार लागतो; दूध असले तरी विरजणावाचून दही लागत नाही, तसेच काहीसे. एकदा का ढगात हिमकण तयार झाला की, भोवतालचे थेंब आटू लागतात आणि त्यांची वाफ हिमकणावर जमत जाते, कारण बर्फावरील बाष्पदाब पाण्यावरील बाष्पदाबापेक्षा कमी असतो. हिमकण मोठा आणि जड होतो व खाली पडतो. विरजण नसेल तर तोच ढग डोंगरावरून तसाच पुढे निघून जातो आणि पलीकडे उतरताना विरून जातो.

हे विरजण माणसाला सापडले त्याची गोष्ट मोठी रंजक आहे. १९४६ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर हे संशोधक घरगुती वापराच्या शीतपेटीत ढग बनवीत होते. पेटीला आतून काळे मखमली कापड लावायचे, तोंडाने श्वास सोडायचा आणि आत तरंगणारे धुके दिव्याच्या झोतात न्याहाळायचे, असा साधा प्रयोग. शेफर यांचे रीतसर महाविद्यालयीन शिक्षण झाले नव्हते, ही गोष्ट शिक्षक मंडळींनी वर्गात अवश्य सांगावी. उकाड्याच्या एका दिवशी पेटी पुरेशी थंड होईना, म्हणून त्यांनी आत सुक्या बर्फाचा तुकडा टाकला. पाहतात तो क्षणार्धात साऱ्या धुक्याचे चमचमते हिमकण झालेले! त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी त्यांनी लहान विमानातून एका खऱ्या ढगात सुका बर्फ टाकला आणि ढगाखाली हिमकणांचे पट्टे लोंबू लागले. नोबेल पारितोषिक विजेते अर्व्हिंग लँगम्युअर हे विमानतळावरून ते दृश्य पाहत होते. त्याच प्रयोगशाळेतील बर्नार्ड व्हॉनेगट यांनी, सिल्व्हर आयोडाइड या क्षाराच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या स्फटिकाशी मिळतीजुळती आहे हे हेरून, त्याच महिन्यात त्याचा उपयोग दाखवून दिला. (प्रख्यात कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट हे त्यांचे धाकटे बंधू. कला शाखेच्या माणसाला एवढी नोंद करू द्यावी!)

यानंतर अनेक देशांत बीजारोपणाचे प्रयोग झाले आणि दावेही पुष्कळ झाले. ढगात हिमकण तयार करता येतात, यावर वाद उरला नाही. वाद होता तो पुढच्या पायरीवर. ज्या ढगावर बीजारोपण केले, त्याने ते न करताही बर्फ दिलेच असते की नाही? निसर्गात पाऊस एवढा कमीजास्त होतो की, दहा टक्क्यांची वाढ त्या चढउतारात कोठल्या कोठे हरवून जाते. दोन शेजारी क्षेत्रे घेऊन एकात बीजारोपण करावे व दुसऱ्यात करू नये, कोणात करावयाचे ते चिठ्ठी टाकून ठरवावे आणि वर्षानुवर्षे मोजमाप करावे, हा एक मार्ग होता. वायोमिंग राज्याने २००८ ते २०१४ या काळात सहा हिवाळे असा प्रयोग केला. मुख्य निष्कर्षात वाढ आली ती केवळ तीन टक्के, आणि तीही योगायोगाने आली असण्याची शक्यता शास्त्रज्ञांना नाकारता आली नाही. त्याआधी २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने, या उपायाच्या परिणामकारकतेचा खात्रीलायक शास्त्रीय पुरावा अद्याप नाही, असे स्पष्टपणे नोंदविले होते. अर्धशतकाहून अधिक काळाच्या खटाटोपानंतरचा हा अभिप्राय आहे, हे लक्षात घ्यावे.

अडचण अशी होती की, मोजमाप जमिनीवर होत होते आणि घटना घडत होती ढगाच्या पोटात. म्हणून २०१७ च्या जानेवारी ते मार्च या काळात, राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने, पेयेट खोऱ्यावर 'स्नोवी' नावाची मोहीम आखण्यात आली. वायोमिंग, कोलोरॅडो व इलिनॉय या विद्यापीठांचे शास्त्रज्ञ, राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र आणि उपरोक्त वीज कंपनी असे सर्व तीत सहभागी झाले. विमाने दोन होती. एक वीज कंपनीच्या कामावरील, सिल्व्हर आयोडाइडच्या कांड्या जाळणारे व खाली सोडणारे. दुसरे वायोमिंग विद्यापीठाचे 'किंग एअर' हे संशोधन विमान. दोन इंजिनांचे हे छोटेखानी विमान म्हणजे उडती प्रयोगशाळाच होय. पंखांवर बसविलेली उपकरणे वाटेत येणारे थेंब व हिमकण मोजतात आणि त्यांच्या छायाप्रतिमा टिपतात. विमानातील रडार वर आणि खाली अशा दोन्ही दिशांना ढगाचा उभा छेद दाखविते आणि लेसर किरणांच्या साहाय्याने थेंब कोठे व हिमकण कोठे हे ओळखता येते.

हे काम सुखाचे नाही. प्रवासी विमानाचा वैमानिक ज्या ढगाला वळसा घालतो, नेमक्या त्याच ढगात हे विमान पुनःपुन्हा शिरते. अतिशीत थेंब पंखाला लागताच गोठतात, विमानावर बर्फाचा थर चढतो, खाली डोंगरांचे सुळके असतात आणि ढगात शिरल्यावर बाहेरचे काही दिसत नाही. शास्त्रज्ञांना जे थेंब हवे असतात, तेच वैमानिकाला नको असतात! बर्फ उतरविण्याची योजना पंखांवर असते. तरीही अशा प्रत्येक उड्डाणात किती वेळ ढगात राहावयाचे याचा विचार सतत करावा लागतो.

१९ जानेवारी २०१७ चा दिवस या कामी निर्णायक ठरला. ढगात अतिशीत पाणी मुबलक होते, पण स्वतः होऊन बर्फ जवळजवळ पडत नव्हते. बीजारोपण करणारे विमान वाऱ्याला आडवे, एकाच रेषेवर पुढे-मागे फेऱ्या घालू लागले. त्याने सोडलेले कण वारा पुढे वाहून नेत होता. थोड्या वेळाने डोंगरमाथ्यांवर उभ्या केलेल्या फिरत्या रडारांच्या पडद्यावर नागमोडी रेषा उमटू लागल्या. विमान जसे फिरले होते तशाच त्या होत्या आणि वाऱ्याच्या वेगाने पुढे सरकत होत्या. निसर्ग ढगात नागमोडी रेषा काढीत नाही. संशोधन विमान वाऱ्याच्या दिशेने ये-जा करीत या रेषा छेदून गेले, तेव्हा रेषेत हिमकण आणि रेषेबाहेर केवळ थेंब, असा स्वच्छ भेद त्याच्या उपकरणांवर उमटला. ते हिमकण वाढत गेले आणि डोंगरावर उतरले. बीजापासून जमिनीवरील बर्फापर्यंतची साखळी प्रथमच अशी कडी-कडीने निसर्गाच्या देणगीपासून वेगळी करून पाहता आली. २०१८ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

पुढचा प्रश्न पंचायत सदस्यांच्या मनात आलाच असेल: पडले किती? २०२० साली कॅत्या फ्रीडरिख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९, २० व ३१ जानेवारी या तीन दिवसांचा हिशेब मांडला. पहिल्या दिवशी सुमारे ६७ मिनिटे बर्फ पडले. ते सुमारे २,३०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले आणि त्याचे पाणी सुमारे १ लाख २३ हजार घनमीटर भरले. सरासरी काढली तर मिलिमीटरचा विसावा भाग! तिन्ही दिवसांचे मिळून पाणी झाले सुमारे ७ लाख घनमीटर. आपल्या भाषेत बोलावयाचे तर एक टीएमसीचा चाळिसावा भाग. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? माझे मत निराळे आहे. आकडा लहान आहे, पण तो खरा आहे; आणि जेथे यापूर्वी केवळ टक्केवारीचे दावे होते, तेथे हा जमाखर्च आला आहे. शिवाय, ज्या दिवशी ढग स्वतःच भरपूर बर्फ देत होते, त्या दिवशी माणसाचा वाटा असा वेगळा काढता आलेला नाही, हेही याच शास्त्रज्ञांनी सांगितले आहे.

आयडाहोचा हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही. आपले मोसमी ढग उबदार असतात. त्यांच्या खालच्या भागात बर्फाचा संबंधच नसतो, म्हणून तेथे मिठासारखे पाणी शोषणारे कण वापरतात. पण प्रश्न तोच आहे आणि तो विचारण्यात महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामती परिसरात विमानातून मीठ फवारून प्रयोग केले आणि २४ टक्के वाढ झाल्याचे नोंदविले. याच संस्थेने २००९ मध्ये संशोधन विमानांनी ढगांच्या अंतरंगाचा अभ्यास करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातील २०१८ व २०१९ चे प्रयोग सोलापूर येथे झाले. एकूण २७६ ढग निवडून काहींवर बीजारोपण केले व काहींवर मुद्दाम केले नाही. बीजारोपण केलेल्या ढगांखाली, वाऱ्याच्या पुढील बाजूस सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात, सुमारे १८ टक्के अधिक पाऊस आढळला. जे ढग मुद्दाम सोडून दिले, त्यांच्यामुळेच या आकड्याला अर्थ आहे. आणि ढगच नसेल तर यापैकी कोणताच उपाय चालत नाही, हे मात्र आयडाहोत आणि सोलापुरात सारखेच खरे आहे.

म्हणून आपल्या तालुक्यात उद्या असे विमान आले, तर फेऱ्या किती झाल्या व कांड्या किती जळाल्या, एवढ्यावर समाधान मानू नये. कोणते ढग सोडून दिले, कोणत्या पर्जन्यमापकांच्या नोंदी घेतल्या आणि त्या कोणी तपासल्या, हे विचारावे. गावच्या शाळेत पर्जन्यमापक असेल, तर त्याची नोंद रोज सकाळी एकाच वेळी व्हावी. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहिले जावे, जागा कोरी सोडू नये.

त्या वृद्ध शेतकऱ्याच्या गावी मी अलीकडे पुन्हा गेलो होतो. पार आहे, म्हातारा आता नाही. त्याच्या नातवाला मी नागमोडी रेषांची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, "मग आमच्या त्या दिवशीच्या पावसाचं काय?" त्या दिवशी गावात मोजमाप झालेच नव्हते, हे मला त्याला सांगावे लागले.

माझी वेळ संपली आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर आपले प्रश्न घेतो.