कातळातले पाट आणि परत आलेला तलाव



संयोजकांचा आदेश होता, ‘ऑस्ट्रेलियात इतकी वर्षे आहेस, तिथलं काहीतरी सांग, पण क्रिकेट आणि कांगारू सोडून.’ म्हणून आज एका माशाविषयी आणि एका तलावाविषयी बोलतो. पाटबंधाऱ्यांच्या कामात आयुष्य गेल्यामुळे या तलावाने मला जरा जास्तच धरून ठेवले आहे.

मेलबर्नहून पश्चिमेकडे साधारण चार तास गाडी हाकली की बज बिम नावाचा एक जुना, शांत झालेला ज्वालामुखी लागतो. भूगोलाच्या तासाला आपण दख्खनचा काळा कातळ शिकलो. इथेही तोच बेसॉल्ट आहे, फक्त वयाने फार लहान. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा जेमतेम ३७ हजार वर्षांचा. म्हणजे हा लाव्हा वाहताना पाहायला माणसे असू शकतात, आणि इथल्या गुंडिचमारा लोकांच्या कथांत तो डोंगर म्हणजे एक पूर्वजच आहे.

लाव्ह्यामुळे ओढ्यांच्या वाटा अडल्या आणि तळी, दलदली, पाणथळ जागा तयार झाल्या. या पाण्यात वाम राहते. गुंडिचमारा तिला कुयांग म्हणतात. तिचा प्रवास विलक्षण आहे. वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढायचे, मग किलारा ओढ्यातून समुद्र गाठायचा, हजारो किलोमीटर उत्तरेला कोरल समुद्राकडे जाऊन अंडी घालायची आणि मरायचे. काचेसारखी पारदर्शक पिल्ले प्रवाहाबरोबर परत येऊन नद्यांत शिरतात.

गुंडिचमारांनी या ये-जा करणाऱ्या माशासाठी कातळ फोडून पाट काढले, दगडांचे बांध घातले. पूर आला की पाण्याबरोबर मासा पाटातून खोलगट जागांत जायचा, तिथे अडून वाढायचा. मोठा झालेला मासा बांधातल्या फटीला लावलेल्या गवती, निमुळत्या टोपलीत सापडायचा, लहान निसटून जायचा. पाण्याची पातळी वेगवेगळी असेल तसे वेगवेगळे पाट कामाला यायचे. माझ्यासारख्याला यातली उतारांची समज बघून हात जोडावेसे वाटतात. एका ठिकाणच्या पाटाचा काळ शास्त्रज्ञांनी काढला, तो निघाला सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचा. शेजारी दगडी घरांचे पायेही आहेत. ‘हे लोक नुसते भटकत होते, जमिनीवर त्यांनी काही उभारले नाही,’ असे सांगूनच गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही जमीन घेतली होती!

पुढचे सगळे पटापट घडले. मेंढ्या आल्या, लढाया झाल्या, उरलेल्या माणसांना १८६७ साली लेक कोंडाच्या मिशनमध्ये ठेवले गेले. कुरणासाठी जमीन हवी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चर खणून तलाव रिकामा करायला सुरुवात झाली आणि १९५०च्या दशकात तो जवळजवळ संपला. पाट कोरडे पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर मिशनची जमीन परतलेल्या सैनिकांना वाटली. गुंडिचमारा सैनिकांना त्यातले काही मिळाले नाही. ऑस्ट्रेलियन सैन्यातला पहिला आदिवासी अधिकारी, रेज सॉन्डर्स, याच लोकांतला. क्रीट आणि न्यू गिनीत लढून आलेल्या माणसाच्या समाजाची ही बोळवण.

आता माझा मुद्दा. तलाव परत भरायचा तर माझ्या धंद्याच्या दृष्टीने काम सोपे आहे. चराच्या तोंडाशी बंधारा बांधा, झाले. पण ते व्हायला अर्धशतक लागले, कारण आधी जमिनीचा निकाल लागायला हवा होता. सॅन्ड्रा ओनस आणि क्रिस्टिना फ्रँकलँड या दोन गुंडिचमारा महिलांनी पोर्टलंड इथल्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या जागेवरील आपल्या पूर्वजांचा वारसा वाचवण्यासाठी दावा लावला. असा दावा लावण्याचा त्यांना अधिकार आहे, हे १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. १९८७ मध्ये मिशनची जमीन परत आली. १९९६ मध्ये मूळ हक्काचा दावा दाखल झाला, तो २००७ मध्ये मान्य झाला. २००८ मध्ये तलाव ताब्यात आला आणि दोनच वर्षांत, २०१० मध्ये, बंधारा उभा राहून पाणी अडले. हा क्रम नीट पाहा. जमिनीसाठी कित्येक दशके, पाण्यासाठी दोन वर्षे. पाणथळ जागांच्या संवर्धनावरच्या अहवालांत पक्षी मोजलेले असतात, सातबारा कोणाच्या नावावर आहे याला मात्र एखादी तळटीप मिळते. मला ते उलटे वाटते.

आज तिथे गुंडिचमारा वनरक्षक तण काढतात, रानटी जनावरांचा बंदोबस्त करतात, ठरवून गवत जाळतात. २०१९ मध्ये बज बिम जागतिक वारसा यादीत गेले. केवळ आदिवासी सांस्कृतिक मूल्यांसाठी तिथे पोचलेले ते ऑस्ट्रेलियातले पहिले ठिकाण. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर विजेने वणवा पेटला. तो विझल्यावर वनरक्षक पाहणीला गेले, तर जळालेल्या गवताखालून सुमारे २५ मीटरचा एक पाट वर आलेला. आजवर तो कोणाच्या नोंदीत नव्हता.

तुमच्यापैकी अनेकांची मुले मेलबर्नला आहेत. समुद्रातल्या त्या बारा खडकांचे फोटो काढून झाले की तसेच पुढे जा. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून जुलै-ऑगस्टनंतर गेलात तर पाटांत पाणी दिसेल. वाटाड्या गुंडिचमाराच घ्या. तलावाकाठी त्यांचेच उपाहारगृह आहे, तिथे धुरी दिलेली वाम मिळते. सोबतच्या मंडळींना ती आधी अख्खी दाखवू नका, सापासारखी दिसते. खाऊन झाल्यावर सांगा.